गेडच्या मावशीचं नाव काय?

अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विनच्या अर्थसी या कादंबऱ्यांच्या मालिकेत जादू पहिल्यांदा घडते ती शेळ्यांवर. गॉन्ट नावाच्या डोंगराळ बेटावरचं एक गाव. सात वर्षांचा, आईविना वाढलेला पोरगा, म्हणजे पुढचा गेड, मावशीच्या तोंडून ऐकलेल्या ओळी कळपासमोर म्हणून बघतो. शेळ्या येतात. येऊन थांबत नाहीत, त्याला घेरतात, अंगाला अंग घासून दाटीवाटीनं उभ्या राहतात. त्यांना आता हटवायचं कसं, हे त्याला ठाऊक नसतं. पिवळ्या डोळ्यांतल्या काळ्या फटींमधून त्या त्याच्याकडे नुसत्या बघत राहतात.

जतकडच्या आमच्या मित्रानं हे वाचलं आणि परड्यात जाऊन स्वतःच्या शेळीच्या डोळ्याचा फोटो काढून पाठवला. खाली एकच ओळ: "ह्या बाईनं शेळी जवळनं बघितलीया." त्याच्या घरी आज्यापासून शेळ्या आहेत. मी वाढले सांगलीच्या गावभागात. शेळी मला दिसायची ती बाजाराच्या दिवशी, तीसुद्धा पाठमोरी. विशीत मी ते वाक्य छान वर्णन म्हणून वाचून पुढं गेले होते. त्याच्यासाठी तो पुरावा होता, की ही लेखिका खोटं सांगणार नाही. त्या दिवसापासून ड्रॅगनसुद्धा तो विश्वासानं वाचायला लागला.

आम्ही सहा-सातजण आहोत. बहुतेक विलिंग्डन कॉलेजच्या दिवसांतले. तेव्हा आमच्यात या मालिकेची एकच प्रत फिरायची. पहिल्या चार कादंबऱ्या पेंग्विननं १९९३ साली एकत्र काढल्या होत्या, तो जाडजूड खंड कुणाच्या तरी भावानं पुण्याहून आणला होता. तो कुणाकडे किती दिवस राहायचा याचं भांडण असायचं, त्यामुळं सगळ्यांनी तो रात्री जागून, धापा टाकत वाचलेला. आता एकजण पुण्यात, एक तासगावला, एक जतकडे, एक मिरजेत, मी विश्रामबागेत. रविवारी रात्री जेवणं उरकली की फोनवर जमतो, आठवडाभर ग्रुपवर व्हॉइस नोट्स चालू असतात. तीच मालिका परत वाचायची, आठवड्याला एक प्रकरण, आणि कितीही हात शिवशिवले तरी पुढं जायचं नाही.

यात मिरजेच्या मैत्रिणीची आई कधी सामील झाली ते आम्हाला कळलंही नाही. काकू मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. इंग्रजी कादंबरी वाचत नाहीत. मैत्रीण दर शनिवारी भाजी निवडताना त्यांना प्रकरण सांगते आणि ते सांगणं रेकॉर्ड करून आम्हाला पाठवते. मागं कुकर, मधेच दूधवाला, आणि त्यातनं गेड रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेच्या दारात उभा, कारण स्वतःचं खरं नाव सांगितल्याशिवाय ते दार त्याला आत घेत नाही. ग्रुपमध्ये पहिल्यांदा वाचणारी, म्हणजे ऐकणारी, अशी एकटी काकूच. पुढं काय होणार हे आम्हा सगळ्यांना माहीत. त्यांना माहीत नाही. म्हणून त्यांचे प्रश्न वेगळे.

पहिल्या प्रकरणानंतर त्यांनी विचारलं, "त्या मावशीचं नाव काय?"

आम्ही शोधलं. नाव नाही. आणि हे अर्थसीत आहे! इथली सगळी विद्याच नावांवर उभी आहे. प्रत्येक दगडाला, पाखराला, माणसाला एक खरं नाव, आणि ज्याला ते ठाऊक त्याची त्या वस्तूवर सत्ता. माणसं आपलं खरं नाव जिवाभावाच्या एखाद्यालाच सांगतात. गेड पेंडॉरच्या ड्रॅगनला काबूत आणतो तोही त्याचं नाव ओळखून. अशा जगात, ज्या बाईनं या मुलाला शेळ्यांच्या वेढ्यातून सोडवलं, त्याच्यातली शक्ती सर्वांत आधी ओळखली, ससाण्यांना बोलवायचे शब्द शिकवले, ती नुसती मावशी. गावची चेटकीण. त्याच प्रकरणात गॉन्टवरची एक म्हण येते: बायकांच्या जादूइतकं दुबळं, आणि दुसरी, बायकांच्या जादूइतकं दुष्ट. कॉलेजात आम्ही मुली ही ओळ वाचून कशा काय पुढं गेलो, तर सगळ्याच पुस्तकांत तसं असायचं म्हणून. यावेळी तिघीजणी एकाच रात्री, एकमेकींना न विचारता, तिथं थांबल्या.

मी एक वही केली. त्यात अशा अडलेल्या गोष्टी लिहायला लागले. मावशीचं नाव, ती म्हण, रोकच्या शाळेत एकही मुलगी का नाही. तेव्हा वाटलं होतं की ही आपल्या काळाची तक्रार आहे. १९६८ साली आलेल्या पुस्तकाला ती करून काय उपयोग?

पुढचा आठवडा पावसाचा गेला. ओजियन हा जादूगार गेडला शिष्य म्हणून घेऊन डोंगरातनं चाललाय आणि पाऊस लागतो. गॉन्टवर हवामान फिरवणारे जादूगार गल्लोगल्ली. ढग आला की एकजण तो आपल्या गावावरून ढकलतो, दुसरा तिकडून पुढं, असं करत बिचारा ढग शेवटी समुद्रावर जाऊन मोकळा होतो. ओजियन यातलं काही करत नाही. पडू देतो. दाट झाड बघून त्याच्याखाली आडवा होतो. गेड झुडपात भिजत, कुढत बसतो, की वापरायचीच नसेल तर एवढी शक्ती घेऊन करायचं काय?

सांगलीत बसून हा परिच्छेद सहज वाचून होत नाही. आमच्याकडं पावसाळा म्हणजे कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीत किती अडवलं, आयर्विनला किती आलं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. दीडशे वर्षांच्या आमच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं त्यात गेली. पाणी ओसरल्यावर त्या चिखलाला चिकटलेल्या पानांचा जो वास येत होता, तो मला अजून कुठल्याही जुन्या पुस्तकाला येतो. तेव्हा कुणी ढग ढकलणारा भेटला असता तर आम्ही त्याचे पाय धरले असते. मी हे बोलले आणि जतचा मित्र म्हणाला, "त्याच आठवड्यात आमच्याकडं टँकर येत हुता. ढकलला असता तर इकडंच ढकला म्हटलं असतं." रोकच्या शाळेत गेडला पुढं हेच शिकवतात, की रोकवरचा पाऊस म्हणजे ऑस्किलवरचा दुष्काळ असू शकतो. लेखिकेनं त्यासाठी दोन बेटं घेतली, मधे मैलोनमैल समुद्र घातला. आम्हाला पावसाचा शिराळा आणि दुष्काळी जत पुरतात, एकाच जिल्ह्यात. तो रविवार जतला पाणी पोचवणाऱ्या म्हैसाळ योजनेवरच संपला आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. तासगावची मैत्रीण एवढंच म्हणाली की द्राक्षं घडावर असताना तिला ओजियन परवडणार नाही.

दुसरं पुस्तक, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन', १९७१चं. यात गेड पाचव्या प्रकरणात येतो. रात्री जागून वाचताना हे जाणवत नाही, तासा-दोन तासांत तो भेटतो. आठवड्याला एक प्रकरण वाचलं की महिनाभर फक्त तेनार. लहानपणी आईबापांकडून उचलून आणलेली, नाव काढून घेतलेली, थडग्यांची पुजारीण केलेली मुलगी. जमिनीखालच्या भुयारांत दिवा न्यायला बंदी, म्हणून ती हातानं भिंत चाचपत, वळणं मोजत चालते. डावीकडचं दुसरं, उजवीकडचं तिसरं. त्या महिन्यात गावभागातली एक मैत्रीण सांगत होती की महापुरात वीज गेल्यावर तीही जिन्याच्या पायऱ्या अशाच मोजायची, खालच्या किती बुडाल्या ते अंधारात पायानं कळावं म्हणून. मग पाचव्या प्रकरणात भुयारात उजेड दिसतो. तेनारनं आयुष्यात ती जागा कधी डोळ्यांनी पाहिलेली नसते. तिच्यासारखेच आम्हीही त्या उजेडावर आधी चिडलो, हा कोण आगंतुक म्हणून. एकटीनं वाचताना मी गेडची वाट बघायचे. मिळून, सावकाश वाचताना आम्ही तेनारच्या बाजूला जाऊन बसलो आणि मग तिथून हललोच नाही.

तिसऱ्या पुस्तकाबद्दल थोडक्यात सांगते, कारण 'द फार्देस्ट शोअर' मला आजही तेवढं भिडत नाही, त्याला मोठा पुरस्कार मिळालेला असला तरी. पण त्यातला मृतांचा प्रदेश वाचताना ग्रुप गप्प झाला. कोरडी भूमी. अलीकडे दगडांची बुटकी भिंत. पलीकडे गावं, रस्ते, बाजार, आणि कशातही काही अर्थ नाही. प्रेमापायी जीव दिलेली माणसं तिथं रस्त्यात एकमेकांच्या शेजारून निघून जातात. तासगावच्या मैत्रिणीचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले. द्राक्षबाग ती एकटी बघते. ती फारशी बोलणारी नाही. त्या रविवारी बोलली: "हे मला ओळखणार नाहीत असं म्हणायचंय का हिला?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. मी ते वहीत लिहिलं. तारीखही घातली.

तिसऱ्याच्या शेवटी गेडची सगळी शक्ती संपलेली आहे आणि कलेसिन हा पुराणा ड्रॅगन त्याला पाठीवर घेऊन गॉन्टकडे निघून जातो. मालिका संपल्यासारखीच होती. वाचकांसाठी तो १९७२पासून हवेतच होता. १९९० साली 'तेहानू' आलं, तेव्हा अठरा वर्षांनी तो ड्रॅगन खाली उतरला, आणि खाली उभं कोण? तेनार. आता चाळिशीची, विधवा, एका शेतकऱ्याची बायको म्हणून आयुष्य काढलेली. शेळ्या, धुणं, म्हातारपणानं मरणारा ओजियन, आणि सांभाळायला घेतलेली एक पोर. थेरू. स्वतःच्याच माणसांनी आगीत टाकलेली. अर्धा चेहरा आणि एक हात जळालेला.

आमच्यापैकी जवळपास कुणीच हे पुस्तक कॉलेजात पूर्ण केलं नव्हतं. त्या जाड खंडाची शेवटची पानं कोरी करकरीत होती. आता मला विचाराल तर सहाही पुस्तकांत सर्वांत मोठं हेच. यात जादू फार थोडी आहे. भीती मात्र आहे, आणि ती ड्रॅगनची नाही. एका रात्री घराबाहेर पुरुषांचे आवाज येतात आणि तेनार हातात सुरी घेऊन अंधारात एकेक दार, एकेक खिडकी तपासत फिरते. कुठली कडी कच्ची आहे हे तिला पाठ. त्या आठवड्यात ग्रुपवर ज्या व्हॉइस नोट्स आल्या, त्यांत पुस्तक नव्हतंच. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची वरची कडी. बागेतल्या शेडची खिडकी, जिला आतनं लाकूड लावावं लागतं. एकटं असताना बाहेर मुद्दाम ठेवलेल्या पुरुषाच्या चपला. पुण्याचा मित्र हे सगळं ऐकून म्हणाला की त्यानं ते प्रकरण मारामारीचं म्हणून वाचलं होतं, कारण गेड शेवटी गवत उचलायचा दाताळ काटा घेऊन धावून येतो. त्यानं मग ते परत वाचलं.

गेडवरनं जोरदार वाद झाला. शक्ती गेलेला गेड राजाच्या माणसांना तोंड दाखवत नाही, लाजून डोंगरावर निघून जातो आणि शेळ्या राखतो. जतच्या मित्राला आधी हे अजिबात पसंत पडलं नाही. एवढा महाजादूगार आणि हे काय? दोन-तीन आठवडे तो घुश्शात होता. मग एकदा सकाळी, धारा काढून झाल्यावर, त्याचा आवाज आला की त्याला ते पटलंय, पण का ते सांगता येत नाही. आम्हीही सांगायला लावलं नाही.

तासगावची मैत्रीण मात्र पहिल्या पानापासून घरी आल्यासारखी होती. तेनारचा मुलगा स्पार्क समुद्रावरून परत येतो, शेत आता आपलं म्हणतो, आणि घरातलं काम बायकांचं धरून चालतो. त्याला असा मीच वाढवला का, हा प्रश्न तेनारला पडतो. मैत्रिणीचा मुलगा चांगला आहे, नोकरीला बाहेर असतो, फोन नेमानं करतो. दर फोनला म्हणतो, आई, बाग काढून टाकूया. ती म्हणाली, "स्पार्क वाईट नाहीच. त्याला फक्त वाटतं, ते सगळं आपोआप उगवतं." हे वाक्य पुस्तकात नाही. असायला हरकत नव्हती.

इथं मला वही उघडावी लागली. गावच्या चेटकिणीला इथं मॉस आत्या म्हणून अख्खी, अस्वच्छ, प्रेमळ, बडबडी बाई मिळाली होती. बायकांच्या जादूची ती जुनी म्हण इथं परत निघते आणि तेनार-मॉस तिच्यावर बसून बोलतात. म्हणजे आम्ही जिथं अडलो, तिथं लेखिका आमच्या आधीच येऊन अडली होती. पहिल्या वाचनानंतर तेवीस-चोवीस वर्षांनी आम्ही जे करत होतो, ते तिनं स्वतःच्या पुस्तकांचं आधीच केलं होतं. ती परत गेली, आणि जे तिला तरुणपणी दिसलं नव्हतं ते तिनं जुनं न खोडता शेजारी लिहिलं. जुनी म्हण आजही पहिल्या पुस्तकात जशीच्या तशी आहे. मला याचं फार मोल वाटतं. सुधारित आवृत्ती काढून ती ओळ गुपचूप गाळता आली असती.

'तेहानू'च्या मुखपृष्ठावर अर्थसीचं शेवटचं पुस्तक असं छापलं होतं, तरी २००१ साली आणखी दोन आली. 'टेल्स फ्रॉम अर्थसी'मधल्या पहिल्याच दीर्घकथेत कळतं की मुलींना दार बंद करणारी रोकची शाळा उभी करण्यात बायकांचा हात होता. पुढच्यांनी ते विसरायचं ठरवलं. वहीतला आणखी एक प्रश्न. काकू हे ऐकून बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, सावित्रीबाई आमच्या साताऱ्याकडच्या, नायगावच्या. एवढंच.

आणि मग 'दि अदर विंड'. यातला आल्डर साधा खेडवळ जादूगार आहे, फुटक्या-तुटक्या वस्तू सांधणारा. त्याची बायको गेली आहे, आणि रोज रात्री स्वप्नात तो त्या दगडी भिंतीशी जातो, पलीकडून ती हात पुढं करते. पहिल्या पुस्तकापासून जी कोरडी भूमी निसर्गनियमासारखी मांडली होती, ती मुळात माणसांच्या हावेनं झालेली चूक होती असं इथं उघड होतं, आणि शेवटी ती भिंत पाडतात. मृत सुटतात, उजेडाच्या कणांसारखे वर जातात. आल्डर आपल्या लिलीबरोबर.

त्या रविवारी तासगावची मैत्रीण फोनवर आली नाही. दुसऱ्या दिवशी छाटणीची माणसं यायची होती. मंगळवारी दुपारी तिचा मला एकटीला मेसेज आला: "तिनं भिंत पाडली ते बरं केलं. पण तीस वर्षं लावली." १९७२ ते २००१. मी वहीत तिच्या प्रश्नाखाली ते उतरवून घेतलं.

ले ग्विन २०१८च्या जानेवारीत गेली, अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन. वहीतले काही प्रश्न त्यामुळं आता तसेच राहणार. काकूंचा एक तर हट्टाचा आहे. पहिल्या पुस्तकात गेडचा मित्र व्हेच याची धाकटी बहीण यॅरो भेटते, इफिश बेटावर, चुलीशी भाकऱ्या भाजताना, मनगटाला छोटासा पाळीव ड्रॅगन गुंडाळलेला. घरात दोन जादूगार बसलेत आणि ही चौदा-पंधरा वर्षांची पोर त्यांना विचारते की मंत्र म्हटला की जेवण हजर होत असेल, तर शिदोरी बांधायचीच कशाला? दोघांनाही नीट विचार करून उत्तर द्यावं लागतं. पुढच्या पाच पुस्तकांत ती परत येत नाही. काकूंनी दर नव्या पुस्तकाच्या सुरुवातीला विचारलं, "ती पोरगी आली का?" शेवटचं पान संपल्यावरही विचारलं. पुण्याचा मित्र म्हणाला, तिचं लग्न झालं असेल. काकू म्हणाल्या, का?

मागच्या शनिवारी नेहमीच्या वेळेला रेकॉर्डिंग आलं, ते काकूंच्याच आवाजात. यॅरोनं भावाला न सांगता होडी सोडली आहे आणि ती पश्चिमेला, रोकच्या दिशेनं निघाली आहे, इथपर्यंत गोष्ट आलेली आहे. जतचा मित्र विचारतोय, होडीत शिदोरी काय घेतलीया.